हेब्बाळचा बोलका वीरगळ

बंगळूर शहरातून विमानतळाकडे निघालात की वाटेत हेब्बाळ लागतं. या गजबजलेल्या भागात २०१८ साली गटाराच्या खोदकामात एक वीरगळ सापडला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, इ.स. ७५०च्या सुमाराचा. लढाईत पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचं हे स्मारक. शहरात आजवर मिळालेला हा सर्वांत जुना कन्नड लेख मानतात.

'टायटॅनिक'ची हुबेहूब प्रतिकृती करणारे हौशी कारागीर जुने आराखडे नि छायाचित्रं धुंडाळतात. तिच्या वरच्या सज्जाचा पुढचा भाग खिडक्यांनी बंद होता, जुळी बहीण 'ऑलिंपिक'चा उघडा, इतके बारकावे ते पाहतात. वीरगळाला आराखडा कुठला? दगड हाच आराखडा!

पूर्वी ओला कागद लेखावर थोपटून शाईचा ठसा घेत. हेब्बाळच्या दगडाचं मात्र त्रिमिती स्कॅनिंग झालं. अक्षरांच्या खाचांची खोलीही त्यात उतरली.

याची गरज होतीच. बी. एल. राइस यांनी १९०५ साली बंगळूर जिल्ह्यातले शिलालेख छापले. त्यांतले कित्येक दगड पुढे शहराच्या वाढीत नाहीसे झाले. कित्तय्याचं नाव आता तसं पुसलं जाणार नाही.