पाठभेद

दोन जवळजवळ सारखी चित्रे छापून 'यांतले दहा फरक शोधा' म्हणणारे कोडे दिवाळी अंकात दिसले की आमच्या घरी अजूनही हातघाई होते. माझा भाचा मात्र याच कोड्यावर बारमाही पगार घेतो. तो नागपूरला प्रोग्रामर आहे. कालचा प्रोग्राम आणि आजचा प्रोग्राम शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली हे पाहणे त्याच्या नित्यकर्मातच मोडते. अर्थात डोळ्यांनी नव्हे. हे काम करणारा 'डिफ' १९७४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या युनिक्सबरोबर आला. दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या जास्तीत जास्त ओळी तो जुळवतो. जुळले नाही ते भेद!

परवा सुट्टीत भाचेसाहेब आमच्याकडे जवाहरनगरला आले, आणि रात्री अकराला कचेरीचा फोन आला. लॅपटॉप कचेरीचा, त्यावर नवे काही बसवण्याची मुभा नाही.

"एका साइटवर दोन्ही फायली टाकतो, मामाजी. दोन मिनिटांचं काम!"

"त्या फायलींत आहे तरी काय?"

तो जरा घुटमळला. एका गिऱ्हाइकाच्या हिशेबखात्याचा पासवर्ड त्यातच लिहिलेला होता.

आमची वसाहत स्फोटके बनवणाऱ्या आयुध निर्माणीभोवती वसलेली. फाटकाच्या आतली गोष्ट बाहेर काढायची नाही, हे इथे पोराटोरांनाही कळते. पण मला आठवली ती भांडारकर संस्था. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली आरंभली आणि १९६६ साली पुरी झाली. सुकथनकरांच्या त्या कामात पुण्याबाहेर तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही पाठ ताडण्याची केंद्रे होती. ताडणारा माणूस पोथीपाशी बसे आणि भेदांचे कागद पुण्याला जात. ऑनलाइन की घरचे, या वादाचा निकाल माझ्या मते इथेच लागतो. संकेतस्थळावर आपण पोथीच परक्याच्या हाती देतो. विनमर्ज किंवा मेल्ड आपल्याच संगणकावर बसवले तर ताडणारा आपल्या घरी येतो. ही दोन्ही फुकट मिळतात, हेही मास्तरांच्या दृष्टीने लहान सुख नव्हे!

"काही साइटी मजकूर कुठे पाठवतच नाहीत, ब्राउझरमध्येच ताडतात," भाचा म्हणाला. असेल. मग दोन खोट्या फायली घेऊन, पान उघडल्यावर इंटरनेट बंद करावे आणि यंत्र चालते का पाहावे. मात्र तेवढ्याने सारी खातरी होत नाही; जोडणी परत आल्यावर ते पान काय करील, कोणी सांगावे? छापून प्रसिद्ध झालेली कविता ताडायला साइट बेलाशक वापरावी. गिऱ्हाइकाचा पासवर्ड, घराचा करारनामा, परीक्षेचा पेपर मात्र नको.

भाच्याची अडचण अखेर घरातच सुटली. विंडोजमध्ये 'एफसी' नावाची आज्ञा मुळातच असते. तिने दोन्ही फायली ताडून दिल्या. चूक एका स्वल्पविरामाची निघाली.

मीही आता विनमर्ज बसवले आहे. पहिल्याच दिवशी त्याने अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन 'ऱ'मध्ये भेद दाखवला. एक 'ऱ' अखंड अक्षर म्हणून टंकलेला, दुसरा 'र'खाली नुक्ता जोडून. वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण असा पाठभेद माझ्या पाहण्यात नव्हता.