परत फिरण्याचे धैर्य



हिंजवडीहून लोहगाव विमानतळावर पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात विमान गोव्याला उतरते, असे आमच्या सोसायटीतली आयटीवाली मुले म्हणतात. थट्टा सोडा, पण उशीर झाला की सगळ्यात आधी आपण रागावतो ते वैमानिकावर. मीही त्यातलीच.

माझ्या बहिणीचा नातू सहवैमानिक आहे. तो घरी आला की माझी शिक्षकी उलटतपासणी सुरू होते. मला वाटायचे, या कामाला स्थिर हात आणि तीक्ष्ण नजर लागते. तो म्हणाला, "आजी, ते शिकता येतं. अवघड असतो तो निर्णय."

विमान उतरताना ठरावीक उंचीवर वेग, दिशा, खाली येण्याचा दर हे सगळे मर्यादेत असावे लागते. नसेल तर उतरायचे नाही, पुन्हा वर जायचे. याला ते 'गो-अराउंड' म्हणतात. प्रवासी घाबरतात, चिडतात, पण फिरायचेच. त्यासाठीचे जास्तीचे इंधन निघतानाच भरलेले असते.

"आणि कॅप्टनने नाही फिरवलं तर?"

"मी सांगायचं."

"त्यांनी ऐकलं नाही तर?"

"मग मी ताबा घ्यायचा."

पंचविशीतले पोर हे इतक्या सहज बोलले की मी गप्पच झाले.

मला कोळीकोड आठवले. 7 ऑगस्ट 2020 ला दुबईहून 190 जणांना घेऊन आलेले विमान तिथे भर पावसात धावपट्टीपुढे जाऊन खाली कोसळले. 21 माणसे गेली. त्यात कॅप्टन दीपक साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार हे दोघेही होते. साठे मूळ हवाई दलातले, दहा हजारांहून अधिक तास उड्डाण केलेले. नागपूरच्या त्यांच्या वृद्ध आईवडिलांना टीव्हीवर पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आले होते.

पुढे 2021 मध्ये चौकशीचा अहवाल आला. पहिल्या प्रयत्नात साठ्यांनी विमान परत वर नेले होते. दुसऱ्या वेळी ते धावपट्टीच्या जवळजवळ निम्म्यावर टेकले. त्याआधी सहवैमानिकाने 'गो-अराउंड' म्हटले होते, पण विमान वर गेले नाही, आणि त्यानेही ताबा घेतला नाही. अहवालाने यंत्रणेतले दोषही दाखवले आहेत. गेलेल्या माणसाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. इतका अनुभवी माणूसही त्या काही सेकंदांत अडकू शकतो, एवढेच मी त्यातून घेतले.

आणि तो धाकटा? आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो, मोठ्यांना उलट बोलू नये. वर्गात फळ्यावर चूक दिसली तरी निम्मी मुले ती निमूटपणे वहीत उतरवतात. तीच मुले मोठी होऊन कॉकपिटमध्ये, ऑपरेशन थिएटरमध्ये, कारखान्यात साहेबांशेजारी उभी राहतात. वेळ आली की त्यांच्या तोंडून शब्द कसा फुटावा? वैमानिकांना हे बोलणे मुद्दाम, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते, ते यामुळेच.

शाळेत मात्र आपण हा धडा अजून घेत नाही. "बाई, तुमचं चुकलं" म्हणणाऱ्या मुलाला शाबासकी द्यायला काही खर्च येत नाही.

नातवाला निरोप देताना पूर्वी मी "वेळेवर पोच रे" म्हणायचे. आता म्हणते, "वाटलं तर परत फीर. आणि वाटलं तर बोल."