आधी पाय, मग हात

घरात फ्लाइट सिम्युलेटर उभा करायचा म्हटलं की नजर आधी योककडे, म्हणजे हातात धरायच्या सुकाणूकडे जाते. वैमानिकांच्या कितीतरी फोटोंत तोच हातात दिसतो. पण कुणी सल्ला मागितला तर मी दोनच गोष्टी विचारतो: विमान कोणतं उडवणार, आणि पायांचं काय करणार?

पहिल्या उत्तरावर बरीचशी खरेदी ठरते. एअरबस ए-३२० मध्ये योक नसतोच. कॅप्टनच्या डाव्या हाताशी साइडस्टिक असते. बोइंग ७३७ मध्ये योक जमिनीतून वर आलेल्या खांबावर बसवलेला असतो. सेसना १७२ मध्ये तो पॅनेलमधून सरळ बाहेर येतो आणि आतबाहेर सरकतो. टेबलाला क्लॅम्पने बसणारे बहुतेक योक याच धाटणीचे असतात, त्यामुळे घरच्या टेबलावर सगळ्यात खरी वाटते ती सेसना. मीही तीच उडवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व टेकऑफलाच कळतं. सेसनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. त्याचा गोल फिरणारा झोत शेपटीच्या उभ्या भागावर डावीकडून आदळतो. चढताना नाक वर असलं की खाली येणारं उजवीकडचं पातं जास्त ओढ देतं. दोन्हींचा परिणाम एकच: नाक डावीकडे जायला बघतं. म्हणून उजव्या पायाने रडरचं पेडल दाबून ठेवावं लागतं. किती, तर टर्न कोऑर्डिनेटर या उपकरणातली गोळी मधोमध राहील इतकं. पेडल्स नसतील तर सिम्युलेटर हे काम परस्पर उरकून टाकू शकतो, आणि मग पाय काही शिकतच नाहीत.

पेडल्स निवडताना मी तीन गोष्टी बघतो. एक पुढे गेलं की दुसरं तेवढंच मागे यायला हवं. चवड्याने दाबायचे ब्रेक दोन्ही पायांना वेगवेगळे हवेत. कारण सेसनाचं पुढचं चाक नुसत्या पेडलने दोन्ही बाजूंना सुमारे १० अंश वळतं, एकाच बाजूचा ब्रेक लावला की ३० अंशांपर्यंत. आणि दोन पावलांमध्ये अंतर हवं. गुडघे जुळवून बसायला लावणाऱ्या पेडल्सवर बारीक दाब देता येत नाही, मांड्या लवकर आखडतात.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते, ती गुळगुळीत फरशीची. जोरात ब्रेक दाबला की पेडल्स पुढे पळतात आणि चाकांची खुर्ची मागे. प्लायवूडच्या एकाच फळीवर पेडल्स स्क्रूने पक्की करावीत आणि त्याच फळीवर बिनचाकांची खुर्ची ठेवावी. महागड्या पेडल्सनाही या फळीशिवाय अर्थ नाही.

आता योक. सेसनाचा योक दोन्ही बाजूंना सुमारे ९० अंश फिरतो. हनीकोंबचा अल्फा एकूण १८० अंश फिरतो, लॉजिटेकचा जुना प्रो फ्लाइट योक त्याच्या निम्मा. निम्म्या फेऱ्यात तेवढंच काम करायचं म्हणजे हाताची प्रत्येक हालचाल दुप्पट तीव्र होते. आत सेन्सर कोणता आहे तेही विचारावं. पोटेन्शियोमीटर घासून झिजतो, मग हात स्थिर असूनही पडद्यावरचा आकडा थरथरतो. हॉल इफेक्ट सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासायला काही नसतं.

पण खरी परीक्षा मध्यबिंदूची. सिम्युलेटरमध्ये नैऋत्येचा पावसाळी वारा लावून मुंबईतल्या जुहू विमानतळाच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरून बघा. वारा डावीकडून येतो. योक डावीकडे झुकवून डावा पंख वाऱ्यात खाली धरायचा, उजव्या पायाने नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं. वेग ६५ नॉटच्या आसपास. जमीन जवळ आली की या दोन्ही गोष्टी न सोडता योक बोटभर मागे घ्यायचा. इथे योक मध्यावर अडकत असेल तर आधी काहीच होत नाही, जोर वाढवला की तो एकदम सुटतो, नाक उसळतं आणि विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. म्हणून दुकानात योक दोन बोटांनी धरावा, थोडा डावीकडे वळवावा आणि तसाच तिरका, अगदी सावकाश मागे ओढावा. कुठेही अडखळला तर तो घेऊ नये, मग त्यावर कितीही बटणं असोत.

स्प्रिंगची मर्यादा मात्र ओळखून असावं. खऱ्या विमानात योकचा जडपणा हवेतून येतो. वेग वाढला की तो वाढतो, आणि ट्रिमने तो ताण हातावरून उतरवता येतो. स्प्रिंगचा योक कायम एकाच मध्याकडे परत जातो, म्हणून ट्रिम फिरवताना हातही हळूहळू मध्याकडे सोडावा लागतो. फोर्स फीडबॅकचे योक यातलं पुष्कळ साधतात, पण त्यांची किंमत कितीतरी पट असते. ज्याला पुढे खरं वैमानिक व्हायचं आहे त्याने हा स्पर्श विमानातच शिकावा. कामांचा क्रम, नेमकी वेळ आणि हातापायांचा मेळ घरी पक्का करता येतो, आणि ही शिदोरी लहान नाही.

हातापायांचा हा मेळ जमिनीवरच शिकवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्या घराण्यातल्या एडविन लिंकने १९२९ साली आपला ट्रेनर तयार केला, तो ऑर्गनमध्ये वापरतात तसल्या भात्यांवर डुलत असे. वर झाकण लावलं की बाहेरचं दृश्य नाही, समोर फक्त उपकरणं, हातात दांडा, पायाशी रडर. दुसऱ्या महायुद्धातले हजारो वैमानिक त्यात आंधळ्या उड्डाणाचे धडे शिकले. आज आपण पडद्यावरच्या ढगांसाठी ग्राफिक्स कार्डावर सढळ हाताने खर्च करतो आणि पायांसाठी काही शिल्लक ठेवत नाही. पैसे बेताचे असतील तर आधी चांगली पेडल्स आणि साधी जॉयस्टिक घ्या. योक नंतर आला तरी चालतो. तोवर पाय तयार झालेले असतात, आणि तयार पायांच्या माणसाला कोणता योक खरा, हे दुसऱ्याला विचारावं लागत नाही.