चौथा पडदा

१८७९ सालीं मदेरा बेटांतून हवाई बेटांत उसाच्या मळ्यांवर राबावयास निघालेले पोर्तुगीज मजूर 'रेव्हन्सक्रॅग' जहाजानें होनोलुलूस उतरले. त्यांच्या लहानग्या चौतारी वाद्यापासून तेथें युकुलेले घडलें. उसापायीं घर सोडणें म्हणजे काय, हें आमच्या बीड जिल्ह्यास निराळें सांगावयास नको. नेकनुरास मात्र हें वाद्य आलें तें आमच्या चिरंजिवांबरोबर. ते नोकरीनिमित्त परदेशीं गेले, वाद्य खुंटीवर राहिलें, आणि पन्नाशी उलटल्यावर आम्हीं तें खालीं काढलें. ते वाजवीत असत तें एक गाणें तरी यावें, एवढीच इच्छा.

आरंभ सुखाचा झाला. सी सुराला षड्ज मानलें, कीं मोकळ्या तारा प, सा, ग, ध अशा बोलतात. शेवटच्या तारेचा तिसरा पडदा एका बोटानें दाबला, कीं झाली सी कॉर्ड. त्या एका बोटावर आम्ही इतके खूष होतों, कीं मंडळींनीं विचारलें, "दुसरें बोट केव्हां?"

पुढें ई कॉर्ड उभी होती. तींत तीन तारा चौथ्या पडद्यावर आणि अखेरची दुसऱ्यावर दाबावयाची. लहान युकुलेलेवर चौथ्या पडद्याचें घर पाऊण इंचाहूनहि अरुंद. तेथें तीन बोटें म्हणजे बाजाराच्या दिवशींचें केज एस्. टी.चें बांक, एकजण नीट बसला, कीं शेजारचा उठलाच. एकच बोट आडवें टाकावें, तर अखेरची तार मोकळी ठेवण्यास त्याचा सांधा मागें वाकावा लागतो. आमचा वाकत नाहीं.

पण बोटांची अडचण अर्धीच. आमचा कान भजनाच्या पेटीवर आणि सप्ताहांतल्या वीणेवर वाढला. ती वीणा अहोरात्र एका गळ्यांतून दुसऱ्या गळ्यांत जाते, परंतु तिचा आधार हलत नाहीं. गाणारा त्याच्याभोंवतीं फिरतो. ई कॉर्डमध्यें ग, कोमल ध आणि नि एकदम वाजतात, आणि पायाखालचा षड्जच नाहींसा होतो. कोमल धैवत बिनचूक लागला तरी चुकलासा वाटतो. त्या समजुतीनें हात बिचकतो, आणि मग बोट खरोखरच घसरतें. 'सराव करा' म्हणणारीं पुस्तकें ऐकावें काय, हें सांगत नाहींत.

अखेर आम्हीं पेटी उघडली. जो ग, त्यालाच षड्ज मानून भाता हलवला, तों तेच तीन सूर सा, ग, प होऊन निमूट बसले. आठ दिवस असें ऐकल्यावर चौथ्या पडद्यावरचा हात बिचकेनासा झाला.

तरी सीवरून ईवर जावयास आम्हांस अजून चार मात्रा लागतात. गाण्यांत तेथें एकच आहे. तेव्हां तें सध्यां आमच्या घरीं विलंबित लयींत चालतें. परवां फोनवर चिरंजिवांस ऐकवलें. त्यांनीं ओळखलें; दुसरें कडवें मात्र यावें लागलें.