आठवड्याला एकोणीस पानं

१
टोकियोच्या शुएइशा प्रकाशनाचं मुलांसाठीचं मांगांचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, साप्ताहिक ‘शोनेन जंप’ १९६८ मध्ये सुरू झालं. १९९५ सालच्या ३-४ क्रमांकाच्या जोडअंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती छापल्या गेल्या. त्याच वर्षी ‘ड्रॅगन बॉल’ ही मालिका संपली, पुढच्या वर्षी ‘स्लॅम डंक’. १९९७ मध्ये प्रतिस्पर्धी ‘शोनेन मॅगझिन’ पुढे गेलं. २०२४ मध्ये ‘जंप’ची छपाई अकरा लाखांच्या आसपास होती.

२
अंक जाडजूड आणि स्वस्त, कागद रंगीत, खरखरीत, पुनर्वापराचा. वाचून झाला की टाकून द्यायचा. आवडलेल्या मालिकेचे खंड मात्र विकत घ्यायचे आणि जपायचे. चित्रकाराला खरा आधार या खंडांचा. रॉयल्टी साधारण दहा टक्के.

३
अंकासोबत एक कार्ड असायचं: या आठवड्यात आवडलेल्या तीन गोष्टी कळवा. या मतांवर मालिका तरतात किंवा बुडतात. तळाशी राहिलेली मालिका वीसेक आठवड्यांत आटोपती घ्यावी लागते. नाव मोठं असलं तरी सुटका नाही. पंधरा वर्षं ‘नारुतो’ चालवणाऱ्या मासाशी किशिमोतो यांनी पुढे लिहिलेली ‘सामुराई ८’ २०२० मध्ये ४३ प्रकरणांत संपली. ही पद्धत निर्दय आहे. पण दहा-बारा वर्षांच्या वाचकाचं मत इतकं मनावर घेणारं दुसरं साप्ताहिक मला माहीत नाही.

४
एका प्रकरणाची साधारण एकोणीस पानं. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकोणीस.

५
ओसामू आकिमोतो यांची ‘कोचीकामे’. टोकियोतल्या कामेआरी भागातली पोलीस चौकी आणि तिथला उचापती हवालदार र्‍योत्सू. १९७६ ते २०१६. चाळीस वर्षांत एकही आठवडा चुकला नाही. दोनशेवा खंड आला त्याच दिवशी मालिका थांबली. आपल्याकडच्या मुलांनी हा हवालदार टीव्हीवर हिंदी बोलताना पाहिला आहे.

६
१ जानेवारी १९६३. ओसामू तेझुका यांचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर आला. तेझुकांनी आपल्या मालिकेचे भाग वाहिनीला खर्चाहून कमी भावात दिले. तूट भरून काढायची ती खेळण्यांवर, चॉकलेटच्या डबीतल्या स्टिकरांवर आणि अमेरिकेतल्या विक्रीवर. म्हणजे परदेशी हक्कांचा पैसा या धंद्यात पहिल्या वर्षापासून आहे. तेझुकांची मुशी प्रॉडक्शन १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. कमी भावाची रीत मात्र राहिली, आणि चित्रं हलती करणाऱ्या माणसांच्या पगारात ती पुढची कित्येक वर्षं दिसली. हायाओ मियाझाकी यांनी तेझुकांच्या निधनानंतर हे उघड लिहिलं. तेझुका मला फार प्रिय आहेत, तरी मियाझाकींचं म्हणणं मला पटतं.

७
अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपट, काढायचा तर बहुधा एक निर्मिती समिती जमते. प्रकाशक, टीव्ही वाहिनी, गाण्यांची कंपनी, खेळण्यांची कंपनी, जाहिरात संस्था. प्रत्येकाने पैसे घालायचे, नफा त्या प्रमाणात वाटून घ्यायचा. बुडालं तर कुणा एकाच्या डोक्यावर येत नाही. चित्रं काढणाऱ्या स्टुडिओने त्यात पैसे घातले नसतील, तर त्याला ठरलेली मजुरी मिळते. मालिका जगभर गाजली तरी तेवढीच.

८
‘थर्मे रोमे’ या मांगावरचा २०१२ चा चित्रपट जपानमध्ये जवळपास सहा अब्ज येन कमावून गेला. मूळ लेखिका मारी यामाझाकी यांनी पुढच्या वर्षी टीव्हीवर सांगितलं, की कथेच्या वापराबद्दल त्यांना दहा लाख येन मिळाले. एकरकमी.

९
जानेवारी २०२४. मांगाकार हिनाको आशिहारा यांचं निधन. त्यांच्या मालिकेवरचं टीव्ही नाटक मूळ कथेला धरून असावं अशी त्यांची अट होती. ती पाळली जात नाही म्हणून शेवटचे दोन भाग त्यांनी स्वतः लिहिले. नंतर वाहिनीने आणि प्रकाशकाने आपापले चौकशी अहवाल प्रसिद्ध केले. लेखकाची अट कामाच्या पहिल्या दिवशी, कागदावर, प्रत्यक्ष पटकथा लिहिणाऱ्या माणसाच्या हातात पडली पाहिजे. हे कुणी मेल्यावर सांगायची वेळ यायला नको होती.

१०
‘डीमन स्लेयर’. कोयोहारू गोतोगे यांचं हे पहिलंच सलग काम. २०१९ च्या एप्रिलमध्ये युफोटेबल स्टुडिओचा अ‍ॅनिमे सुरू होईपर्यंत खंडांच्या सुमारे ३५ लाख प्रती बाजारात होत्या. २०२० संपताना आकडा दहा कोटींच्या पुढे. कथा तीच, चौकटी त्याच. त्यांना हालचाल, रंग आणि आवाज मिळाला.

११
आणि गोतोगे यांनी ती मालिका मे २०२० मध्ये संपवली. ऐन भरात, २३ खंडांत. ऑक्टोबरमध्ये चित्रपट आला आणि ‘स्पिरिटेड अवे’चा २००१ पासूनचा जपानमधला कमाईचा विक्रम मोडला. पैसा असा धो-धो येत असताना ठरल्या जागी पूर्णविराम देणं, आणि प्रकाशकाने तो देऊ देणं, या दोन्हींबद्दल मला आदर वाटतो. गोतोगे यांचा चेहरा आजही वाचकांनी पाहिलेला नाही. स्वतःच्या चित्रात त्या जागी चष्मा लावलेली मगर असते.

१२
अ‍ॅनिमे मांगाच्या मागून धावतो आणि गाठतो. मग काय करायचं? जुनी युक्ती: मूळ कथेत नसलेले भाग घालायचे. पहिल्या ‘नारुतो’चे २२० भाग, त्यांतले शेवटचे ऐंशीएक जवळजवळ सगळे असे. दुसरी युक्ती: वेग कमी करायचा. ‘वन पीस’च्या एका भागात कित्येकदा एक प्रकरणही पुरतं संपत नाही. तिसरी, थोडी उशिरा सुचलेली: थांबायचं, आणि हंगामाहंगामाने यायचं.

१३
‘ब्लीच’ २०१२ च्या मार्चमध्ये टीव्हीवरून गेली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत आली. प्रेक्षक तेच, दहा वर्षांनी मोठे.

१४
२००४ मध्ये अमेरिकेत ‘वन पीस’चे हक्क ४किड्स या कंपनीकडे होते. आचारी सांजीच्या तोंडातली सिगारेट जाऊन तिथे लॉलीपॉप आला. कथेचे मोठाले तुकडे गळाले. २००७ मध्ये हक्क फ्युनिमेशनकडे गेले आणि सिगारेट परतली.

१५
‘क्योजिन नो होशी’ म्हणजे १९६६ ते १९७१ मधली बेसबॉलची मांगा. बाप अर्धवट राहिलेला खेळाडू, मुलाला कठोर मेहनत करायला लावणारा. जपानची एक अख्खी पिढी या बापलेकावर वाढली. २०१२ च्या डिसेंबरात हीच कथा कलर्स वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ म्हणून आली. मुलगा मुंबईतल्या झोपडपट्टीतला, खेळ क्रिकेट. मूळ कथेत मुलाच्या अंगाला कसरतीच्या स्प्रिंगा बांधलेल्या असतात. इथे सायकलच्या ट्यूब. टोकियोचा टीएमएस स्टुडिओ आणि हैदराबादची डीक्यू एंटरटेनमेंट यांनी मिळून केलेलं काम, जपानी कंपन्यांच्या जाहिराती कथेत गुंफलेल्या. मालिका गाजली नाही. पण परवाना घेऊन नुसतं डबिंग करण्यापेक्षा कुणीतरी बसून विचार केला होता, की मुंबईतल्या पोराच्या हाताशी काय असेल. ती ट्यूब मला फार आवडते.

१६
‘क्रेयॉन शिन-चान’चे प्रकाशक फुताबाशा. त्यांच्याच मालाला २००४ मध्ये शांघायच्या दुकानांतून नकली म्हणून उतरवलं गेलं, कारण शिन-चानचं चिनी नाव आणि चित्र एका चिनी कंपनीने १९९७ मध्येच आपल्या नावावर नोंदवून ठेवलं होतं. चीनमधल्या न्यायालयाने फुताबाशाच्या बाजूने निकाल दिला तो २०१२ मध्ये.

१७
भारतात याच पाच वर्षांच्या पोरावर २००८ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. कात्री लावून तो परतला.

१८
फ्रान्स. १९७८ च्या उन्हाळ्यात ‘ग्रेंडायझर’ हा यंत्रमानव तिथे ‘गोल्डोराक’ या नावाने टीव्हीवर आला. २०२१ मध्ये सरकारने अठरा वर्षांच्या प्रत्येकाला संस्कृतीवर खर्च करायला ३०० युरो दिले. पोरं पुस्तकांच्या दुकानांत गेली आणि मांगाचे खंड घेऊन आली. वर्तमानपत्रांनी त्या पासाला ‘मांगा पास’ म्हणायला सुरुवात केली. जपानबाहेर मांगाची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून फ्रान्सचं नाव घेतलं जातं. त्याची पायाभरणी दुपारच्या टीव्हीवर झाली होती.

१९
२००४, इराकमधलं समावा शहर. जपानने दिलेल्या पाण्याच्या टँकरांवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचं मोठं चित्र चिकटवलेलं. ‘कॅप्टन त्सुबासा’, अरबी टीव्हीवरचा कॅप्टन माजिद. टँकर कुठल्या देशाचा हे इराकी मुलांना वेगळं सांगावं लागत नव्हतं.

२०
त्सुबासाचे चित्रकार योइची ताकाहाशी यांनी १९८१ मध्ये सुरुवात केली. २०२४ मध्ये तब्येतीमुळे मासिकातलं चित्रण थांबवलं. कथा सोडली नाही. शाई न केलेल्या कच्च्या चौकटींतून ती इंटरनेटवर पुढे सांगतात.

२१
क्रंचीरोल हे अ‍ॅनिमे दाखवणारं संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे लोकांनी विनापरवाना चढवलेले भाग असत. २००९ पासून रीतसर परवाने. २०२१ मध्ये सोनीच्या फ्युनिमेशनने ते १ अब्ज १७ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतलं. आठवडाभर रात्री जागून फुकट उपशीर्षकं लिहिणारी पोरं नसती, तर एवढी मागणी आहे हे टोकियोला कळायला आणखी वेळ लागला असता. चोरीचं समर्थन मी करत नाही. त्या पोरांची मेहनत मात्र मोजावीशी वाटते.

२२
जानेवारी २०१९ पासून शुएइशाचं ‘मांगा प्लस’ हे अ‍ॅप. जपानमध्ये नवं प्रकरण येतं त्याच वेळी जगभर वाचायला मिळतं. इंग्रजी आणि स्पॅनिशपासून सुरुवात. मग पोर्तुगीज, इंडोनेशियन, थाई, फ्रेंच, व्हिएतनामी. भारतीय भाषा अजून त्यांच्या हिशेबात नाही. ठाण्याचा किंवा नाशिकचा मुलगा या गोष्टी हिंदीत ऐकतो आणि इंग्रजीत वाचतो.

२३
२०१९ मध्ये माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्या चित्रपटगृहांत आला तो हजारोंनी सह्या करून मागितला म्हणून. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हिंदी, तमिळ, तेलुगूतही आला, आणि काही शहरांत पहाटेचे खेळ लागले.

२४
अ‍ॅनिमेची २०२३ ची एकूण उलाढाल ३,३४६ अब्ज येन. त्यात परदेशातली १,७२२ अब्ज, जपानमधली १,६२४ अब्ज.

२५
ऑगस्ट २०२५ मध्ये इंडोनेशियात, सप्टेंबरमध्ये काठमांडूत, सरकारवर चिडलेल्या तरुण मुलांच्या हातात गवती टोपी घातलेल्या कवटीचा झेंडा. ‘वन पीस’चा नायक लुफी याच्या जहाजावरचा. याचा परवाना कुणी मागितला नाही.

२६
ताकाओ साइतो यांची ‘गोल्गो १३’ १९६८ पासून चालू आहे. जुलै २०२१ मध्ये तिचा २०१ वा खंड आला. सप्टेंबरात साइतो वारले. आपल्यामागे मालिका चालू राहावी ही त्यांची इच्छा होती. हाताखालच्या मंडळींनी ती चालू ठेवली.

२७
‘बर्सर्क’चे केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये ५४ व्या वर्षी गेले. शेवट त्यांनी एकाच माणसाला सांगितला होता, मित्र कोजी मोरी यांना, आणि तोही कितीतरी वर्षांपूर्वी. २०२२ च्या जूनपासून मोरी आठवून सांगतात आणि मिउरांचे सहायक काढतात. आपल्याला सांगितलं होतं तेवढंच लिहीन, पदरचं काही घालणार नाही, असं मोरींनी सुरुवातीलाच वाचकांना कळवलं. मित्राचा शब्द सांभाळण्याची ही रीत मला कुठल्याही करारापेक्षा मोठी वाटते.

२८
एइइचिरो ओदा यांनी जुलै १९९७ मध्ये ‘वन पीस’ सुरू केली तेव्हा ते २२ वर्षांचे होते. पाचेक वर्षांत संपेल असा त्यांचा अंदाज होता. ऑगस्ट २०२२ मध्ये प्रती ५० कोटींवर गेल्या: चाळीस जपानमध्ये, दहा बाहेर. २०१६ च्या भूकंपानंतर ओदांनी आपल्या जन्मप्रांताला, कुमामोतोला, ८० कोटी येन दिले. तिथे आता लुफी आणि सोबत्यांचे पुतळे आहेत. २०२३ मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी काही आठवडे सुटी घेतली.

२९
‘वन पीस’चं शेवटचं पर्व २०२२ मध्ये सुरू झालं, अजून चालू आहे. दरम्यान २०२३ च्या डिसेंबरात विट स्टुडिओने जाहीर केलं, की नेटफ्लिक्ससाठी हीच कथा अगदी पहिल्यापासून नव्याने काढणार. कथेचा मूळ वेग त्यांनी राखला, तर मी पहिल्या भागापासून बघायला बसणार आहे.