रात्री बंदूक कुठे ठेवता?

आमच्या कोकणात रानडुकरांपायी पीकसंरक्षणाचा परवाना काढून बंदूक बाळगणारी घरे पुष्कळ. माझ्या वडिलांचीही दुनळी होती. रात्री ती भरलेलीच, दाराआड खुंटीला. चोर आला तर हाताशी असावी, हा हिशेब!

१९८६ च्या पावसाळ्यात मी सोळा वर्षांचा होतो. मध्यरात्री पडवीत खुडबुड झाली. अर्धवट झोपेत मी बंदूक काढली, घोडा चढवून रोखली. "अरे, मी आहे!" आई होती. व्यायला आलेली गाय बघून परतत होती.

सकाळी वडिलांनी ती खुंटीच उपटली.

आज परवाना माझ्या नावे आहे. अंगणातच काडतुसे काढतो, दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी पाहतो. बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ल्या माझ्या करगोट्याला. (मंडळी हसतात, हसू देत.) उशाखाली किंवा कणगीत लपवू नका, मुलांना त्या जागा ठाऊक असतात. ठासणीची असेल तर भरलेली घरात आणूच नका, ती सहज रिकामी होत नाही. आणि आवाज आला तर आधी दिवा लावा, हाक मारा.

आई अजूनही रात्री पडवीत येताना मुद्दाम खोकते.