मोटारीची शेंडी

विनिपेगला चिरंजीवांकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा सर्वांत आधी डोळ्यांत भरली ती मोटारींची शेंडी. दारोदार उभ्या असलेल्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून एकेक वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला प्लग! रात्री तो घराच्या भिंतीतल्या सॉकेटात खोचायचा, म्हणजे इंजिनात बसवलेला हीटर रात्रभर आतलं पाणी कोमट ठेवतो. अँड्र्यू फ्रीमन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी अशा हीटरचं पेटंट १९४९ साली घेतलं होतं. "बाळंतिणीसारखा मोटारीला शेक!" असं म्हणून मी आणि ही मनसोक्त हसलो.

जानेवारीत पारा उणे चौतीसवर उतरला. एका रात्री कचरा टाकायला बाहेर गेलो, तो प्लग दिसला. रात्रभर वीज जळायची! आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवणारा हात तो. आपसूक पुढं झाला. प्लग काढून, चार पैसे वाचवल्याच्या समाधानात झोपलो.

पहाटे चारला सूनबाईंना कळा सुरू झाल्या.

चिरंजीवांनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्यांदा नुसतं 'टक्' झालं. थंडीनं तेल काकवीसारखं दाटतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरी अर्धमेली होते. मी धक्का मारायची तयारी दाखवली. (पुण्यात आमची फियाट निम्मं आयुष्य धक्क्यावरच चालली.) पण स्वयंचलित गिअरची गाडी धक्क्याला दाद देत नाही म्हणे.

शेजारचे म्हातारबुवा पायजम्यावर कोट चढवून आपली गाडी घेऊन आले. लाल वायर बॅटरीला बॅटरी. काळीचं शेवटचं टोक मात्र इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, ठिणगी बॅटरीपासून लांब राहावी म्हणून. मग दहा मिनिटं नुसतं थांबणं. मी टॉर्च धरून उभा. पापण्यांवर बर्फ. खिडकीत सूनबाई चौकट घट्ट धरून उभ्या; तिकडं मला बघवेना.

इंजिन धडधडलं. रात्रभरात चाकं खालून चपटी झालेली; गाडी चौकोनी चाकांवर चालल्यासारखी ठेचकाळत निघाली. निघताना चिरंजीवांची नजर लोंबणाऱ्या प्लगवर गेली, मग माझ्यावर.

"बाबा, आत जा. कान झाका," एवढंच म्हणाला.

सात वाजता फोन आला. नात झाली होती, दोघी सुखरूप.

त्या रात्री मी तीनदा उठून खिडकीतून प्लग पाहिला. तिसऱ्यांदा ही आधीच तिथं उभी होती.